पाहिलं की कळतं, लिहायला बसलं की हात थांबतो: प्रोग्रॅमिंगचा पाया कसा घालायचा?

अशोकचौक_हिशेब
नमस्कार. शिक्षण बी.कॉम., काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं. रोज रात्री दीड तास मिळतो. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, विंडोज ७. पायथॉनचे व्हिडिओ दीड महिना पाहिले. समोरचा लिहीत असतो तेव्हा प्रत्येक ओळ कळते. व्हिडिओ बंद करून रिकामी स्क्रीन उघडली की पहिली ओळ काय लिहावी तेच सुचत नाही.

विचारायचं हे की सुरुवात पायथॉन या भाषेने करू की सी या भाषेने? गणित किती लागतं? सात रस्त्याच्या बाजूला एक क्लास तीन महिन्यांत सगळं शिकवतो म्हणतो, तिथे पैसे भरू का? आणि चॅटबॉट कोड लिहून देतो, तर तो शिकताना वापरावा की नाही?

ताणाबाणा
व्हिडिओ पाहताना ओळ वाचायचं काम तुमचं असतं, पण ती ओळ तिथे का हवी हा निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. रिकाम्या स्क्रीनवर तो निर्णयच तुमच्याकडे मागितला जातो, आणि त्याचा सराव झालेला नसतो. भाषा बदलून हे सुटणार नाही. पायथॉनच ठेवा. व्हिडिओ महिनाभर बंद करा आणि एक दोनशे पानी वही घ्या.

आधी सोय लावून घ्या. विंडोज ७ वर चालणारी पायथॉनची शेवटची आवृत्ती ३.८ आहे, ३.९ पासून पुढच्या त्यावर बसत नाहीत. त्यामुळे नवी आवृत्ती उतरवून ती चालत नाही म्हणून अडकू नका. थॉनी नावाचा फुकटचा एडिटर घ्या. त्याच्या संकेतस्थळावर जुन्या विंडोजसाठी पायथॉन ३.८ सोबत असलेला ३२-बिट इन्स्टॉलर मिळतो, म्हणजे पायथॉन वेगळं बसवायला लागत नाही. ४ जीबीत तो आरामात चालतो. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची, म्हणजे आकडे-मजकूर ठेवायच्या नावाच्या डब्यांची, चौकट उघडी ठेवा. एफ५ ने प्रोग्रॅम चालतो. कंट्रोल-एफ५ ने तो थांबत थांबत चालतो आणि एफ७ दाबत गेलात की एकेका पायरीला कुठल्या डब्यात काय पडलं ते दिसतं.

आता वही. प्रत्येक उदाहरणाला तीन गोष्टी करायच्या, याच क्रमाने: पायऱ्या मराठीत लिहायच्या, त्या हाताने चालवून सारणी (दर पायरीनंतर कुठल्या डब्यात काय आहे त्याचा तक्ता) भरायची, आणि मगच टाइप करायचं.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. टॉवेलची संख्या दिली की किती डझन आणि सुटे किती ते सांगायचं. १०० ला १२ ने भागून पूर्ण भाग ८, बाकी ४. पायथॉनमध्ये दोन तिरक्या रेघा पूर्ण भाग देतात आणि टक्क्याची खूण बाकी देते. लिहून झालं की ०, ११, १२, १३ आणि १०० हे पाच आकडे घालून पाहा. चूक बसते ती ११, १२, १३ च्या सीमेवर. १०० वर बरोबर आलं म्हणजे प्रोग्रॅम बरोबर झाला असं होत नाही.

दुसरं उदाहरण जरा खोल आहे. रोजच्या नफ्या-तोट्याच्या यादीतला सर्वांत चांगला दिवस शोधायचा. बहुतेक जण असं लिहितात:

मोठा म्हणजे ०
यादीतला प्रत्येक आकडा घे
  आकडा मोठ्यापेक्षा जास्त असेल तर मोठा म्हणजे आकडा
शेवटी मोठा छाप

५००, १२००, ३०० ही यादी घातली की सारणीत मोठा ०, ५००, १२००, १२०० असा सरकतो. उत्तर बरोबर. आता तोट्याचा आठवडा घाला: −४००, −१५०, −९००. −४०० शून्यापेक्षा मोठा आहे? नाही. −१५०? नाही. −९००? नाही. छापलं ०, आणि ० नफ्याचा दिवस त्या आठवड्यात नव्हताच. प्रोग्रॅम अडखळला नाही, एररही दिला नाही, सरळ खोटं उत्तर देऊन मोकळा झाला. दुरुस्ती एवढीच की सुरुवात ० ने न करता यादीतल्या पहिल्या आकड्याने करायची. मग पुढचा प्रश्न: यादी रिकामी असली तर पहिला आकडा कुठून आणायचा? तो विचार आधीच करावा लागतो. हे सगळं वहीच्या चार ओळींत सापडतं, स्क्रीनकडे बघत बसून नाही. वहीचं काम बसमध्ये किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयात बसूनही होतं, लॅपटॉप लागत नाही.

शिकायच्या गोष्टी मुळात फार नाहीत. एकामागून एक पायरी, अट, पुनरावृत्ती: कुठलीही गणनकृती या तीन रचनांत मांडता येते, हे बोम आणि याकोपिनी या दोघांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं. यातल्या दोन गोष्टी सोलापूरच्या माणसाने चादरीच्या मागावर पाहिलेल्या असतात. जॅकार्डच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाच्या, एका कार्डात एका आडव्या धाग्याचा हुकूम असतो. भोक असेल तर सुई आत जाते, हुक सुरीवर (वर उचलणाऱ्या पट्टीवर) अडकलेला राहतो आणि त्याचे उभे धागे वर उचलले जातात. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हुक सुरीवरून सुटतो, धागे खालीच राहतात. कार्डांची माळ क्रमाने फिरते, ही झाली एकामागून एक पायरी. माळेचं शेवटचं कार्ड पहिल्याला शिवलेलं असतं म्हणून नक्षी पुन्हा पुन्हा येते, ही पुनरावृत्ती. जोसेफ मारी जॅकार्डचा हा माग १८०४ चा. यात नाही ती अट. आतापर्यंत काय विणलं गेलं ते पाहून माग पुढचं कार्ड बदलत नाही. चार्ल्स बॅबेजने १८३७ मध्ये मांडलेल्या यंत्राच्या आराखड्यात कार्डं जॅकार्डकडूनच घेतली होती, आणि हिशेबाचा निकाल पाहून पुढची वाट बदलायची सोय त्यात भर घातलेली होती. म्हणून अटीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. नवशिक्याच्या बऱ्याच चुका तिथेच होतात.

दीड तासातली वीस मिनिटं वाचन, बाकी सगळा वेळ लिहिणं. पहिला महिना फक्त व्हेरिएबल, अट, लूप (पुनरावृत्ती) आणि फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरता येणाऱ्या पायऱ्या), प्रत्येकाची दहा-बारा छोटी उदाहरणं. ते झालं की स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडायच्या रचना) आणि अल्गोरिदम (काम करायच्या पायऱ्या) शिकवणारा कोर्स घ्या. तो आठ आठवड्यांचा आहे, इंग्रजीत आहे, पण नीट सावकाश आहे. तो आधी लावू नका, तिसऱ्या आठवड्यात दमछाक होईल.

क्लासला पैसे भरण्याआधी एकच विचारा: दोन तासांच्या तासिकेत मी स्वतः किती मिनिटं टाइप करणार, आणि माझी चूक कोण बघणार? याला नेमकं उत्तर मिळालं नाही तर भरू नका.

दोनाचा_घात
ताणाबाणा यांचं बहुतेक पटतं, फक्त सीला इतकं बाजूला ठेवू नका. पायथॉनवर तीन महिने झाले की तीन आठवडे सी करा, तोवर नको. कारण सांगतो.

पायथॉनमध्ये एक यादी 'अ' नावाने केली आणि मग 'ब म्हणजे अ' लिहिलं, की नवशिक्याला वाटतं दुसरी यादी तयार झाली. झालेली नसते. यादी एकच, तिला नावं दोन. 'ब' मध्ये आकडा घातला की 'अ' मध्येही दिसतो. प्रत हवी असेल तर कॉपी असं स्पष्ट सांगावं लागतं. असं का होतं ते सीमध्ये मेमरीचा पत्ता स्वतः हाताळला की कायमचं डोक्यात बसतं.

गणिताचं म्हणाल तर भागाकार-बाकी, घातांक, आणि 'आणि/किंवा/नाही' यांचं तर्कशास्त्र, एवढ्यावर वर्षभर जातं. बी.कॉम. वाल्याला ते अवघड नाही. पण आकडे मशीनमध्ये कसे राहतात ते हिशेबाच्या माणसाने पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावं. १.१ गुणिले ३ पायथॉनला विचारा. उत्तर येतं ३.३००००००००००००००३. मशीन बिघडलेली नाही. दशमान पद्धतीत १/३ लिहायला गेलं की ०.३३३… संपत नाही, तसंच द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. मशीन तो ठरावीक जागी कापते आणि उरलेली बारीक चूक बेरजेत वर येते. म्हणून पैशाचे हिशेब रुपयांच्या दशांशात ठेवू नका. सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि छापतानाच १०० ने भागा. दुसरी खोड राउंडची. पायथॉन २.५ चा २ करतो आणि ३.५ चा ४. नेमका अर्धा आला की तो जवळच्या सम संख्येकडे जातो. तुमच्या खात्यात अर्धा वरच न्यायचा नियम असेल तर बेरीज जुळणार नाही आणि तुम्ही दिवसभर चूक शोधत बसाल.

मराठी मजकुराचंही असंच आहे. 'सोलापूर' ची लांबी विचारली तर पायथॉन ७ सांगतो, तुम्हाला अक्षरं चार दिसतात. कारण मात्रा वेगळी मोजली जाते: स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार, र. फाइलमध्ये यूटीएफ-८ ने (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीने) साठवलं की यातल्या प्रत्येकाला ३ बाइट, एकूण २१. म्हणून नावं छापताना रकाने सरळ रेषेत येत नाहीत, तेव्हा गोंधळू नका.

आणि हो, पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'एकूण' असं देवनागरीत चालतं. कोडमध्ये '५' असा देवनागरी आकडा लिहिला तर एरर येतो, मात्र वापरणाऱ्याने टाइप केलेल्या '५' ला इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं की नीट ५ होतो. तरी नावं रोमन लिपीतच ठेवा. दर दोन शब्दांना कीबोर्ड बदलण्यात जीव जातो.

अशोकचौक_हिशेब
दोघांचेही आभार. वही आणली. एक विचारतो: लिस्ट कधी आणि डिक्शनरी कधी, हे व्हिडिओत ऐकलं तरी ठरवता येत नाही. माझ्याकडे वर्षाची साधारण २०,००० बिलं एका फाइलमध्ये आहेत, त्यातले दुबार नंबर शोधायचे आहेत. पुढेमागे हेच करायचं आहे.

खतावणी
तुम्हाला हे येतं हो, फक्त नाव वेगळं आहे. लिस्ट म्हणजे कीर्द, डिक्शनरी म्हणजे खतावणी. कीर्दीत नोंदी घडल्या त्या क्रमाने येतात, एखाद्या व्यापाऱ्याच्या नोंदी हव्या असतील तर पहिल्या पानापासून चाळावं लागतं. खतावणीत नाव घेतलं की थेट त्याचं पान. क्रम महत्त्वाचा असेल तर लिस्ट, नावावरून गाठायचं असेल तर डिक्शनरी. आणि पानावर काहीच लिहायचं नाही, नाव आधी आलंय की नाही एवढंच बघायचं असेल तर सेट.

दुबार बिलांचा पहिला विचार असा येतो: प्रत्येक बिल घे आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक बिलाशी ताडून बघ. वहीवर मोजा. २०,००० गुणिले १९,९९९ भागिले २, म्हणजे जवळजवळ २० कोटी तुलना. तुमच्या लॅपटॉपवर चहा पिऊन येईपर्यंत चालेल. बिलं दुप्पट झाली की वेळ चौपट होतो, खरी अडचण ती आहे. सेट वापरला तर असं:

पाहिलेले म्हणजे रिकामा सेट
प्रत्येक बिल घे
  नंबर पाहिलेल्यात असेल तर दुबार म्हणून छाप
  नसेल तर पाहिलेल्यात घाल

२०,००० वेळा विचारलं, संपलं. क्षणभरात उत्तर. सेट नंबरवरून एक हिशेब करून थेट जागा काढतो, सगळं चाळत नाही. त्या हिशेबाला हॅश म्हणतात.

यात एक खड्डा आहे. एका ठिकाणी नंबर '१०४५' असा मजकूर म्हणून आला आणि दुसरीकडे १०४५ असा आकडा म्हणून, तर पायथॉनला ते दोन वेगळे दिसतात आणि दुबार निसटतो. मजकुराच्या शेवटी एखादी मोकळी जागा असली तरी तेच. सेटमध्ये घालण्याआधी सगळे एकाच साच्यात आणा: स्ट्रिप लावून मोकळ्या जागा काढा, सगळे मजकूरच ठेवा.

शोधण्याचं आणखी एक तंत्र आता वहीवर कराच, बायनरी सर्च. नंबर चढत्या क्रमाने लावलेले असले की मधला बघायचा, हवा तो मोठा असेल तर डावा अर्धा सोडून द्यायचा, लहान असेल तर उजवा. १,००० नोंदींत जास्तीत जास्त १० वेळा बघावं लागतं, १० लाखांत २० वेळा. लिहायला दहा ओळी, पण हमखास चुकतं ते एकाच जागी. हवा तो मोठा निघाला की 'डावी कड म्हणजे मधली जागा' असं लिहिलं जातं. आता डावी कड ४ आणि उजवी ५ उरली असं धरा. मधली जागा ९ भागिले २, पूर्ण भाग ४. डावी कड पुन्हा ४. काहीच सरकलं नाही, लूप कायमचा फिरत राहिला. तिथे मधली जागा अधिक १ हवं, मधला तर आपण बघून झालाय. हे मी सांगितलं म्हणून मान्य करू नका, चुकीची ओळ ठेवूनच ४ आणि ५ ची सारणी भरा. स्क्रीनवर अडकला तर कंट्रोल-सी ने थांबतो.

एरर_वाचा
वर सगळं आलंय. मी फक्त पहिल्या महिन्यात कुठे कुठे अडकाल ते लिहितो.

एरर खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, त्याच्या वर ओळ क्रमांक. सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) असेल तर दाखवलेल्या ओळीच्या आधीची ओळ आधी बघा. ३.८ मध्ये कंस बंद करायचा राहिला की बोट पुढच्या ओळीवर दाखवलं जातं.

इनपुटने घेतलेलं सगळं मजकूर असतं. ५ आणि ३ घेऊन बेरीज केली की ५३ येतं. इंट लावायला विसरलात एवढंच.

रेंज १ ते १० लिहिलं की ९ वर थांबतो. शेवटचा आकडा धरला जात नाही.

'एकूण म्हणजे ०' ही ओळ चुकून लूपच्या आत गेली की दर फेरीला बेरीज पुसली जाते आणि शेवटी फक्त शेवटचा आकडा हाती येतो. पायथॉनमध्ये आत-बाहेर हे ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागेवर ठरतं, म्हणून चार स्पेस ठेवा आणि टॅब त्यात मिसळू नका.

फंक्शनने उत्तर छापणं आणि उत्तर परत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रिंट केलं पण रिटर्न नाही केलं, तर बाहेर मिळतं 'नन', आणि पुढे त्यात ५ मिळवायला गेलात की टाइप एरर. हे स्क्रीनवर बरोबर दिसत असल्यामुळे लई वेळ सापडत नाही.

सरावाच्या फाइलला 'रँडम' नाव देऊ नका. मग रँडम मॉड्यूल (पायथॉनसोबत येणारी तयार फाइल) मागवलं की पायथॉन तुमचीच फाइल उचलतो आणि भलताच एरर देतो. तसंच व्हेरिएबलला 'लिस्ट' किंवा 'सम' नाव दिलं की मूळचं फंक्शन झाकलं जातं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळलेली येतात आणि चालत नाही. तसंही चिकटवू नका, टाइप करा. बोटांना सवय लागते.

चॅटबॉटबद्दल: पहिले दोन महिने त्याच्याकडून कोड घेऊ नका, कारण घेतलात की पुन्हा व्हिडिओचाच प्रकार होतो, निर्णय दुसऱ्याचा. एरर घालून 'कारण सांग, दुरुस्त कोड देऊ नकोस' असं विचारा. त्याने सांगितलेलं कारण तुमच्या सारणीशी जुळतं का बघा. जुळत नसेल तर थॉनीत पायरी पायरीने चालवा आणि व्हेरिएबलच्या चौकटीत दिसेल ते खरं धरा.

अशोकचौक_हिशेब (नऊ आठवड्यांनंतर)
दुबार बिलांचा प्रोग्रॅम लिहिला, पण एका जागी अडलोय. एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढली, यूटीएफ-८ ने उघडली, डिक्टरीडरने (दर ओळीची डिक्शनरी करून देणारं साधन) वाचतोय. पहिला रकाना 'बिल' नावाचा. त्यावरून किंमत मागितली की 'की एरर' येतो. दुसरा-तिसरा रकाना नीट मिळतो. फाइल उघडून पाहिली, नाव बरोबर 'बिल'च आहे. सारणीत काही सापडत नाही.

दोनाचा_घात
सारणीत सापडणार नाही, कारण जे डोळ्याला दिसत नाही ते तुम्ही सारणीत लिहिलेलंच नाही. एका ओळीच्या सगळ्या कीज (डिक्शनरीतली नावं, इथे रकान्यांची) लिस्टमध्ये घालून छापा. 'बिल' च्या आधी उलटी तिरकी रेघ आणि यू-एफ-ई-एफ-एफ असं दिसेल. एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्ही काढताना फाइलच्या अगदी सुरुवातीला ही अदृश्य खूण घालतो, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. म्हणूनच फक्त पहिला रकाना हट्ट करतोय. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' ऐवजी 'यूटीएफ-८-सिग' द्या, खूण गळून पडेल.

अशोकचौक_हिशेब
छापल्यावर तसंच दिसलं. सिग लावलं, चाललं. २०,३१८ बिलांत ११ नंबर दुबार निघाले. त्यातले चार नंबर एका ठिकाणी शेवटच्या मोकळ्या जागेसकट होते, स्ट्रिप लावलं नसतं तर सुटले असते. आता बायनरी सर्चची ४ आणि ५ ची सारणी भरायला घेतोय.